नकाराचा हक्क : सराईपासून सर्व्हरपर्यंत

आजचा प्रश्न थोडक्यात सांगता येतो. एक कंपनी लोकांना सर्व्हर भाड्याने देते. एक गिऱ्हाईक येतं, पैसे भरतं आणि त्या सर्व्हरवर 'टॉर' नावाच्या नेटवर्कचा रिले चालवायला लागतं. काही दिवसांनी कंपनी त्याला कळवते की हे आमच्याकडे चालणार नाही, तुम्ही दुसरी जागा बघा. असं सांगण्याचा कंपनीला हक्क आहे का?

प्रश्न फार तांत्रिक वाटतो, पण तो निदान तीनशे वर्षं जुना आहे. हल्लीच्या वादात दोन्ही बाजू उत्तर उघड आहे असं धरून चालतात. एक बाजू म्हणते, सर्व्हर कंपनीचा, तेव्हा मर्जीही कंपनीची. दुसरी म्हणते, इंटरनेट हा सार्वजनिक रस्ता आहे, तिथे कुणी कुणाला अडवायचं नाही. ही दोन्ही विधानं कोर्टापुढे अनेकदा येऊन गेलेली आहेत आणि दोन्ही जशीच्या तशी टिकलेली नाहीत. म्हणून आज मी इतिहासाच्या वाटेने जाणार आहे.

आधी रिले म्हणजे काय ते पाहू. तुम्ही एखादं संकेतस्थळ उघडता तेव्हा तुमचा पत्ता, म्हणजे आयपी पत्ता, त्या संकेतस्थळाला कळतो आणि तुम्ही कुठे गेलात हे तुमच्या इंटरनेट कंपनीला कळतं. टॉरमध्ये तुमचा निरोप साधारणपणे तीन मुक्काम करत जातो. पहिल्या मुक्कामाला तुम्ही कोण ते माहीत असतं, कुठे चाललात ते नसतं. मधल्याला दोन्ही माहीत नसतं. शेवटच्याला तुम्ही कुठे चाललात ते दिसतं, पण तुम्ही कोण ते कळत नाही. निरोपाभोवती सांकेतिक लिपीचे पापुद्रे असतात आणि प्रत्येक मुक्कामाला एक पापुद्रा निघतो, म्हणून कांद्याचं नाव. या प्रत्येक मुक्कामाला रिले म्हणतात. असे काही हजार रिले जगभर आहेत आणि ते चालवणारे बहुतेक स्वयंसेवक आहेत. त्याचे त्यांना पैसे मिळत नाहीत, उलट भाडं त्यांच्याच खिशातून जातं.

ही कल्पना जन्मली अमेरिकेच्या नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत, १९९०च्या दशकाच्या मध्यावर. पॉल सिव्हरसन, मायकेल रीड आणि डेव्हिड गोल्डश्लाग हे तिचे जनक. पुढे रॉजर डिंगलडाइन आणि निक मॅथ्यूसन यांनी सिव्हरसन यांच्यासह आजचं टॉर घडवलं. त्याचा प्रबंध २००४चा, आणि टॉर प्रोजेक्ट ही ना-नफा संस्था २००६ची. नौदलाने आपलं हत्यार लोकांच्या हाती का द्यावं, असा प्रश्न पडतो. उत्तर साधं आहे. नेटवर्क फक्त नौदलाने वापरलं असतं, तर त्यातून बाहेर पडणारा प्रत्येक माणूस नौदलाचाच ठरला असता. गर्दीत लपायचं तर गर्दी लागते, आणि ती आपल्याच माणसांची असून चालत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता कंपनीची बाजू, आणि ती प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. शेवटच्या मुक्कामाला, म्हणजे एक्झिट रिलेला, जे काही बाहेर जातं ते त्या सर्व्हरच्या पत्त्यावरून गेल्यासारखं दिसतं. कुणी चोरून सिनेमा उतरवला, कुणी कुणाच्या खात्यात घुसायचा प्रयत्न केला, कुणी धमकीची मेल पाठवली, की तक्रार येते ती ज्या कंपनीचा पत्ता आहे तिच्याकडे. ती वाचायला माणूस लागतो आणि माणसाला पगार लागतो. तो पत्ता काळ्या यादीत गेला, तर शेजारच्या पत्त्यांवर दुकान मांडून बसलेल्या भल्या गिऱ्हाइकांच्या मेलही अडतात. पोलिसांनी यंत्र जप्त केलं, तर त्याच यंत्रावरच्या इतरांचं काम बंद पडतं. शिवाय स्वस्त सर्व्हरचा सगळा हिशेब, सगळे एकदम पूर्ण बँडविड्थ वापरणार नाहीत, यावर बसवलेला असतो. रिले मात्र रात्रंदिवस वापरतो. महिन्याला थोडंसं भाडं देणाऱ्या एका गिऱ्हाइकासाठी एवढं का सोसायचं? कंपनीच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तर बहुधा हेच म्हटलं असतं.

आणि धोका काल्पनिक नाही. ऑस्ट्रियात ग्राझ इथे एक्झिट रिले चालवणाऱ्या एका तरुणाच्या घरावर २०१२ साली छापा पडला आणि २०१४ साली कोर्टाने त्याला दोषी ठरवलं. मॉस्कोत गणित शिकवणाऱ्या एका माणसाला एप्रिल २०१७मध्ये अटक झाली, कारण कुणीतरी दंगलीची चिथावणी देणारा मजकूर त्याच्या रिलेवरून टाकला होता. पुढच्या वर्षी त्याच्यावरचे आरोप मागे घेतले गेले, पण मधले महिने त्याला कुणी परत दिले नाहीत.

आता मागे जाऊ.

इंग्लंडच्या जुन्या कायद्यात काही धंदे असे मानले होते, की ते एकदा उघडले की येणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. सराईवाला, सामान वाहून नेणारा, नाल ठोकणारा लोहार. १७०१ साली लेन विरुद्ध कॉटन हा खटला झाला. लंडनच्या टपाल कचेरीत दिलेल्या एका पत्रातल्या सरकारी हुंड्या चोरीला गेल्या आणि मालकाने टपालप्रमुखांवर दावा लावला. बहुमताने दावा फेटाळला. मुख्य न्यायमूर्ती जॉन होल्ट एकटे विरुद्ध गेले, आणि त्यांच्या निकालपत्रात हा विचार स्पष्टपणे येतो: ज्याने लोकांसाठी म्हणून धंदा मांडला, त्याने त्या धंद्यापुरतं लोकांना बांधून घेतलं. वाटेत घोड्याचा नाल निखळला आणि लोहाराने नाही म्हटलं, तर त्याच्यावर दावा चालेल. का? कारण तो रस्त्यावर आहे, वाटसरूला दुसरा इलाज नाही, आणि पाटी लावून त्यानेच 'या' म्हटलेलं आहे.

याच परंपरेतला माझा आवडता खटला १८३५चा आहे, राजा विरुद्ध आयव्हन्स. वेल्सच्या सीमेवरच्या मन्मथशायर परगण्यातली एक सराई. रविवारी रात्री उशिरा, घरची माणसं निजल्यावर, एक प्रवासी दार ठोठावतो. आतून विचारतात, तू कोण, कुठला? तो नाव सांगायला तयार नाही. दार उघडत नाहीत. खटला न्यायमूर्ती कोलरिज यांच्यापुढे आला; कवी कोलरिज यांचे हे पुतणे. सराईवाल्याच्या वकिलाची कारणं तीन: रविवार होता, रात्र झाली होती, आणि माणूस नाव-गाव सांगत नव्हता. न्यायमूर्तींनी तिन्ही नाकारली. तिसऱ्याबद्दल त्यांचं म्हणणं असं, की पाहुण्याचं नाव जाणून घेण्याचा सराईवाल्याला हक्कच नाही. पाहुणा दारू पिऊन आला, असभ्य वागला, तर खुशाल बाहेर ठेवा. पण तो कोण हे माहीत नाही, एवढ्यावर दार बंद करता येणार नाही. सराईवाला दोषी ठरला.

निनावी माणसाला आसरा देण्याबद्दलचा इतका नेमका निवाडा मला तरी दुसरा सापडलेला नाही. नकाराचं कारण पाहुण्याच्या वागण्यात असलं पाहिजे, आपल्या अज्ञानात नाही.

आपल्याकडे याच इंग्रजांनी काय केलं? ब्रिटिश हिंदुस्थानात १८६७ साली सराई कायदा झाला. सराईची नोंदणी सक्तीची झाली, आणि मॅजिस्ट्रेटने हुकूम दिला तर सराईत कोण कोण उतरलं याची वर्दी देण्याचं बंधन सराईवाल्यावर आलं. मायदेशात नाव विचारायची सोय नाही, वसाहतीत नाव कळवायची सक्ती. एकाच राज्यसत्तेच्या या दोन वह्या शेजारी ठेवून बघण्यासारख्या आहेत.

आणि नकाराचा विषय महाराष्ट्रात काढला की आणखी एक गोष्ट टाळून पुढे जाता येत नाही. १९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात ठराव आणला, की सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. त्याला धरून महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. आणि १९२७ साली डॉ. आंबेडकरांसह लोक खरोखर पाण्याला गेले तेव्हा काय झालं, ते तुम्हाला माहीत आहे. पुढच्या दाव्यात वादींची एक भूमिका अशी होती, की तळं सार्वजनिक नाहीच, खाजगी आहे. दहा वर्षांनी, १९३७ साली, उच्च न्यायालयाचा निकाल आंबेडकरांच्या बाजूने लागला. 'आमच्या मालकीचं आहे, आम्ही ठरवू' या वाक्याची आपल्याकडे अशी वंशावळ आहे. म्हणूनच घटनेच्या पंधराव्या कलमात सरकारी जागांबरोबर दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांचीही नावं आली.

मात्र इथे घाई नको. टॉर चालवणाऱ्याला सर्व्हर नाकारणं आणि माणसाला पाणी नाकारणं एका मापाने मोजणं हा महाडचा अपमान होईल. तिथे नकार जन्मावरून होता, इथे कामावरून आहे. जन्म बदलता येत नाही, रिले बंद करता येतो. मी ती गोष्ट काढली ती एवढ्यासाठीच, की मालकी सांगितली म्हणजे वाद मिटला, असं मराठी माणसाने तरी मानू नये.

मग रिलेचं नेमकं साम्य कशाशी? पाहुण्याशी नाही. इथेच बहुतेक लेखांची गल्लत होते. रिले चालवणारा स्वतःच एक सराईवाला आहे. त्याच्याकडे अनोळखी लोक येतात, एक क्षण थांबतात, पुढे जातात. तो वाहक आहे, आणि होस्टिंग कंपनीकडे आपली वाहतूक चालवायला जागा मागतो आहे. म्हणजे प्रश्न असा होतो: एका वाहकाने दुसऱ्या वाहकाला वाहून नेलंच पाहिजे का?

हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १८८६ साली आला होता. 'एक्स्प्रेस खटले' म्हणून ते ओळखले जातात, आणि त्यावर मी जरा रेंगाळणार आहे.

१८३९ साली विल्यम हार्नडन नावाचा माणूस बोस्टन ते न्यूयॉर्क अशा फेऱ्या मारू लागला. लोकांची पाकिटं, पैसे, किमती वस्तू पिशवीत घालून स्वतः घेऊन जायचा. त्यातून एक्स्प्रेस नावाचा अख्खा धंदा उभा राहिला. आज कार्डावर दिसणारं अमेरिकन एक्स्प्रेस हे नाव त्याच धंद्यातलं, १८५०चं. या कंपन्यांकडे स्वतःचे रूळ नव्हते. त्या रेल्वेच्या डब्यात जागा घ्यायच्या, आपला माणूस बसवायच्या आणि आपल्या जबाबदारीवर माल पोचवायच्या. रेल्वेला आत काय आहे याच्याशी कर्तव्य नव्हतं. पुढे हा धंदा किफायतशीर आहे हे रेल्वे कंपन्यांना कळलं. काहींनी ठरवलं, एक्स्प्रेस आपणच चालवू, यांना बाहेर काढू. एक्स्प्रेस कंपन्या कोर्टात गेल्या. खालच्या कोर्टांनी त्यांना मनाईहुकूम दिले: रेल्वे सार्वजनिक वाहक आहे, इतकी वर्षं जागा देत आली आहे, आता मधेच नाही म्हणता येणार नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं. निकाल मुख्य न्यायमूर्ती वेट यांचा. गंमत अशी की याच वेट यांनी नऊ वर्षं आधी, १८७७च्या मन विरुद्ध इलिनॉय खटल्यात, शिकागोच्या धान्यकोठारांचे दर ठरवायचा सरकारला अधिकार आहे, कारण त्या धंद्यात जनहित गुंतलेलं आहे, असा निर्णय दिला होता. त्यासाठी त्यांनी सतराव्या शतकातल्या मॅथ्यू हेल यांच्या बंदरांवरच्या ग्रंथाचा आधार घेतला होता. म्हणजे हा मालमत्तेला देव मानणारा न्यायाधीश नव्हता. तरी एक्स्प्रेसच्या बाबतीत त्यांनी म्हटलं, की रेल्वेने लोकांना वाहून नेण्याची हमी घेतली आहे, दुसऱ्या वाहकांना वाहून नेण्याची नाही. आजवर जे झालं ते प्रत्येक कंपनीशी केलेल्या वेगळ्या करारामुळे. करार संपला की हक्क संपला. नवे करार रचून देणं हे न्यायालयाचं काम नाही. नियम हवेत तर कायदेमंडळाने करावेत. मिलर आणि फील्ड या दोन न्यायमूर्तींनी विरुद्ध मत दिलं.

होस्टिंग कंपनीच्या वकिलाला याहून चांगला आधार शोधूनही मिळणार नाही. आणि मला विचाराल तर मुळात तो निर्णय चूक नव्हता. कंपनीला आपल्या छपराखाली दुसऱ्याचा धंदा चालू द्यावाच लागेल, अशी सरसकट सक्ती केली तर लहान कंपनी टिकणार नाही. पण त्या निकालाच्या पोटात दोन गृहीतकं आहेत, ती कुणी वाचत नाही. पहिलं, लोकांचा माल या ना त्या मार्गाने पोचेल. रेल्वेने एक्स्प्रेसची सोय स्वतः पुरवली तरी लोकांचं काम भागेल. दुसरं, हवा तेव्हा नियम करणारं एक कायदेमंडळ जागं आहे. तसं ते पुढे झालंही. १९०६च्या हेपबर्न कायद्याने एक्स्प्रेस कंपन्यांना केंद्रीय आयोगाच्या नियमनाखाली आणलं. आणि १ जानेवारी १९१३ला अमेरिकेच्या टपाल खात्याने स्वतःच पार्सल सेवा सुरू केली. तोवर चार पौंडांवरचं पार्सल टपालाने जातच नव्हतं. म्हणजे खाजगी वाहकांच्या भांडणात अडकलेल्या सामान्य माणसासाठी शेवटी सार्वजनिक वाट उघडली गेली. रेल्वेचा नकाराचा हक्क शाबूत राहिला, पण आता त्यामुळे कुणाचं अडत नव्हतं.

एक चिठ्ठी आली आहे. विचारलंय, "सर, टॉरवरून अमली पदार्थ आणि लहान मुलांचं लैंगिक शोषण चालतं, त्याचं काय?" चालतं. ते नाकारण्यात अर्थ नाही. सिल्क रोड नावाचा अमली पदार्थांचा बाजार टॉरवरच होता आणि २०१३ साली तो बंद केला गेला. पण प्रश्न दोषाच्या वाटणीचा आहे, आणि इथे आपल्या न्यायशास्त्राची मदत होते. नैयायिक विचारतात, घटाचं कारण काय? माती, चाक, दांडा, कुंभार. मग माती वाहून आणणारं गाढव? ते घटाच्या आधी होतं, त्याने माती आणली हेही खरं. तरी त्याला ते कारण मानत नाहीत, 'अन्यथासिद्ध' म्हणतात, कारण त्याच्याशिवायही घट झालाच असता. माती दुसऱ्या गाढवाने आली असती. विश्वनाथ पंचाननांनी अन्यथासिद्धांचे पाच प्रकार सांगितले, त्यात गाढव पाचवं. रिले हे ते गाढव आहे. त्याच्या पाठीवर काय आहे हे त्याला दिसत नाही. आता तुम्ही म्हणाल, गाढवाचा मालक माणूस आहे, आणि त्याला माहीत असतं की कधीतरी वाईट माल जाणार. बरोबर. पण एवढं सामान्य ज्ञान रेल्वेलाही असतं, टपाल खात्यालाही असतं. विशिष्ट गुन्ह्याचं ज्ञान आणि जगात गुन्हे होतात हे ज्ञान यांत फरक आहे.

हाच फरक १९४२ साली कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने ब्रॉफी खटल्यात केला. घोड्यांच्या शर्यतींच्या बातम्या फोनवरून पुरवणाऱ्या माणसाची टेलिफोन सेवा तोडली गेली होती, कारण त्या बातम्यांवर बेकायदा सट्टा खेळला जातो. न्यायालयाने म्हटलं, ऐकणारे पुढे कायदा मोडतील या समजुतीवर फोन तोडता येत नाही. गाडीत बसलेला माणूस उतरून गुन्हा करेल या संशयावरून रेल्वे त्याला तिकीट नाकारू शकत नाही, तसंच हे. फक्त टेलिफोन कंपनी सार्वजनिक वाहक होती. होस्टिंग कंपन्यांना तो दर्जा कुठल्याही देशाने सरसकट दिल्याचं मला दिसत नाही. अमेरिकेचा १९९६चा कायदा, युरोपचे २००० सालापासूनचे नियम, आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ७९वं कलम, हे सगळे मध्यस्थाला दुसऱ्याच्या कृत्याच्या दायित्वातून काही अटींवर सूट देतात. सूट घेणाऱ्याने सगळ्यांना दार उघडावं, अशी अट त्यात नाही. लोहाराचं रक्षण मिळालं, लोहाराचं कर्तव्य मिळालं नाही. हा सौदा कंपन्यांच्या बाजूने फार झुकला आहे, असं माझं मत आहे.

मग कंपनीचा हक्क कुठवर? मी म्हणेन, दारात नाही म्हणण्याचा हक्क आहे, आणि तो करारात स्वच्छ लिहिलेला हवा. कित्येक कंपन्या तसं लिहितातही: कुणी एक्झिट चालणार नाही म्हणतं, कुणी मधलेही रिले नको म्हणतं, कुणी सगळे चालतील म्हणतं. टॉर प्रोजेक्ट स्वतः अशी यादी ठेवतं, कोण घेतं आणि कोण घेत नाही याची. इथवर तक्रारीला जागा नाही. 'अनुचित वापर' असा एक गुळमुळीत शब्द करारात ठेवायचा, वर्षभराचं भाडं आगाऊ घ्यायचं आणि पहिल्या तक्रारीला सर्व्हर बंद करायचा, हे मात्र १८३५च्या सराईवाल्यालाही चाललं नसतं.

आणि तक्रार म्हणजे पुरावा नव्हे. २०२४च्या ऑक्टोबरच्या अखेरीस एक विलक्षण प्रकार झाला. कुणीतरी टॉर रिलेंचे पत्ते प्रेषक म्हणून खोटेच घालून जगभरच्या यंत्रांकडे टकटक करणारी पाकिटं पाठवली. कुणी माझ्या दारावर थाप मारून पळून जावं आणि जाताना तुमची चिठ्ठी टाकून जावं, तसं. ज्यांच्या दारावर थाप पडली त्यांच्या यंत्रांनी आपोआप तक्रारी धाडल्या, त्या होस्टिंग कंपन्यांकडे गेल्या आणि काही रिले तात्पुरते बंद पडले. त्यांत मधले रिलेही होते, ज्यांच्यातून बाहेरच्या जगात काहीच जात नाही! ७ नोव्हेंबरला उगम सापडला आणि तो प्रकार थांबला. नेटवर्क फोडण्यासाठी काही फोडावं लागलं नाही. कंपन्यांची घाबरण्याची सवय वापरली, तेवढं पुरलं.

जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८५९ सालीच सांगून ठेवलं होतं, की समाजाचा दाब कायद्याच्या दाबापेक्षा खोल जाऊ शकतो, कारण त्याला पळवाटा कमी असतात. १ डिसेंबर २०१०ला ॲमेझॉनने विकिलीक्सला आपल्या सर्व्हरवरून काढलं. त्याआधी सिनेटर लीबरमन यांच्या कार्यालयातून चौकशी झाली होती. कंपनी म्हणाली, आम्ही सरकारच्या सांगण्यावरून नव्हे, आमच्या अटी मोडल्या म्हणून काढलं. तसंच असेलही. पण सरकारला खटला भरावा लागला नाही, पुरावा द्यावा लागला नाही, अपील ऐकावं लागलं नाही, हेही तितकंच खरं.

आता गर्दीचा तो मुद्दा. एका कंपनीने नाही म्हटलं तर रिलेवाला दुसरीकडे जातो. दहा जणांनी म्हटलं तर अकराव्याकडे. परिणाम असा होतो, की जिथे परवानगी आहे आणि भाडं कमी आहे अशा मोजक्या कंपन्यांच्या इमारतींत रिले दाटतात. जर्मनीत सर्वांत जास्त आहेत, त्यातही काही ठरावीक कंपन्यांकडे. टॉरची सगळी भिस्त यावर, की पहिला आणि शेवटचा मुक्काम एकाच नजरेखाली येऊ नयेत. सगळे मुक्काम एकाच गल्लीत आले, तर गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलेल्याला कोण आला आणि कोण गेला हे जुळवता येतं. म्हणजे प्रत्येक कंपनीचा नकार आपल्यापुरता रास्त असतो, आणि सगळ्यांच्या नकारांची बेरीज तेहरानमधल्या पत्रकाराच्या किंवा मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून लपलेल्या बाईच्या डोक्यावरचं छप्पर पातळ करते. त्या बाईने कुठल्याही कंपनीशी करार केलेला नाही. तिला कुणी नकारही कळवत नाही. एक्स्प्रेस खटल्यातलं पहिलं गृहीतक, की लोकांचा माल कुठून तरी पोचेलच, इथे कच्चं पडतं.

पार्सल सेवेसारखी सार्वजनिक वाट इथे असू शकते का? एक प्रयोग झाला. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यात लेबनन नावाचं छोटं शहर आहे. तिथल्या किल्टन सार्वजनिक ग्रंथालयाने जुलै २०१५मध्ये आपल्या संगणकावर टॉरचा रिले सुरू केला. केंद्राच्या गृहसुरक्षा खात्याच्या एका अधिकाऱ्याने स्थानिक पोलिसांना सावध केलं, पोलीस आणि शहराचे अधिकारी ग्रंथालयाशी बोलले, आणि रिले बंद झाला. इथवर गोष्ट होस्टिंग कंपनीसारखीच. पण ग्रंथालयाला विश्वस्त मंडळ होतं आणि मंडळाची बैठक उघडी होती. १५ सप्टेंबरला गावकरी बैठकीला आले, बोलले, बहुतेक जण रिलेच्या बाजूने. मंडळाने रिले पुन्हा सुरू ठेवायचं ठरवलं. नकार तिथेही देता आला असता. पण तो लोकांसमोर, कारणासकट द्यावा लागला असता. मला वाटतं, विद्यापीठं आणि ग्रंथालयं यांनी हे काम अंगावर घ्यायला हवं. वाचकाने कुठलं पुस्तक नेलं हे दुसऱ्याला न सांगण्याची सवय ग्रंथपालाला आधीपासून असते.

आणि आपल्या देशात? २८ एप्रिल २०२२ रोजी आपल्या सर्ट-इन या सरकारी संस्थेने आदेश काढला. डेटा सेंटर, भाड्याचे सर्व्हर देणाऱ्या कंपन्या, क्लाउड आणि व्हीपीएन पुरवणारे, या सगळ्यांनी गिऱ्हाइकाचं पडताळलेलं नाव, पत्ता, संपर्क, आयपी पत्ते आणि सेवा कशासाठी घेतली ते कारण, पाच वर्षं जपून ठेवायचं. यंत्रांच्या नोंदी १८० दिवस ठेवायच्या. गिऱ्हाइकांच्या नोंदींचा हा भाग त्या वर्षीच्या २५ सप्टेंबरपासून लागू झाला. काही मोठ्या व्हीपीएन कंपन्यांनी तोवर आपले भारतातले सर्व्हर हलवले होते.

म्हणजे मुंबईत किंवा पुण्यात कुणी रिलेसाठी सर्व्हर घ्यायला गेला, तर कंपनीला नकार देण्याआधी एक प्रश्न विचारणं भागच आहे: तुम्ही कोण, आणि कशासाठी? मन्मथशायरमधल्या त्या रात्री आतून विचारला गेला होता तो हाच. उत्तर आता वहीत लिहून ठेवायचं आहे, पाच वर्षं.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.